ढमाबाईची वाटी

माझ्या आत्याला वडगावात सगळे बायाक्का म्हणतात. वय सदुसष्ट. चाळीस वर्षं तिनं साड्या विणल्या, आधी हातमागावर आणि मग यंत्रमागावर. मागांच्या खडखडाटात कान अर्धे गेले, डोळे मात्र घारीचे आहेत. एवढं सांगितलं की लोक म्हणतात, वा, तिच्यावर काहीतरी चांगलं लिही. लिहिते की. पण आधी ह्या बाईनं मला तीन दिवस कसं पिळून काढलं ते सांगू द्या, त्याशिवाय माझ्या जिवाला थंडावा मिळायचा नाही.

मी आरोही, तिच्या धाकट्या भावाची मुलगी. पुण्याची नोकरी सोडून अडीच वर्षांपूर्वी परत आले आणि एक कॉम्प्युटरवरचा खेळ बनवायला बसले. खेळ म्हटलं की लोकांना गोळीबार आठवतो. माझ्या खेळात तसलं काही नाही. पडद्यावर एक चित्र असतं. माउस धरायचा, चित्रातल्या वस्तूवर टिचकी मारायची, वस्तू पिशवीत येते. योग्य ठिकाणी ती वापरली की गोष्ट पुढं सरकते. माणसावर टिचकी मारली की माणूस बोलतो. लहान पोरालाही जमेल इतकं सोपं.

गोष्ट अशी, की टोपीराव नावाचा एक अर्धवट शिकलेला जादूगार असतो. राजाची मिशी काळी करायला गेला आणि तिचं मांजराचं शेपूट करून बसला, म्हणून त्याची नोकरी गेली. त्या राज्यात ढग एकच, आणि तो हरवलेला. ढग शोधून आणला तर नोकरी परत. ढग असतो ढमाबाई नावाच्या चेटकिणीकडं, ती तो उशी म्हणून डोक्याखाली घेते. चित्रं माझी, संवाद माझे. टोपीरावाचा घोगरा आवाजसुद्धा मीच घसा खरवडून काढलेला आहे.

हे सगळं मी केलं वडगावच्या जुन्या घरात, मागाच्या खोलीत. आई-आप्पा पिरनवाडीला नव्या घरात गेले. आत्यालाही बोलावलं, तर म्हणाली, "मी ह्या गल्लीतनं हलनार न्हाय." मग तिच्या सोबतीला मी. चार माग विकून चार वर्षं झाली, पण ते जमिनीत जिथं घट्ट बसवले होते ती भोकं अजून आहेत, आणि माझ्या खुर्चीचं चाक दिवसातनं दहा वेळा त्यांत अडकतं.

बेंगळुरूची एक कंपनी असे खेळ घेऊन जगभर पोचवते. तिथल्या तेजस्वीबाईंना माझा खेळ आवडला. पण त्यांची एक अट होती. सात वेगवेगळ्या माणसांनी हा खेळ पहिल्यापासून शेवटपर्यंत खेळायचा, कुणाच्या मदतीशिवाय, आणि त्याचं रेकॉर्डिंग पाठवायचं. पडदाही दिसला पाहिजे, खेळणाऱ्याचं तोंडही दिसलं पाहिजे. बनवणाऱ्यानं शेजारी बसायचं, पण एक शब्द बोलायचा नाही. सातातला एकजण साठीच्या पुढचा हवा आणि त्यानं जन्मात असला खेळ खेळलेला नसावा. शुक्रवारी संध्याकाळी सातच्या आत सगळं पोचलं पाहिजे, नाहीतर पुढच्या वर्षी या. आणि आप्पांना मी शब्द दिलेला होता की यंदा जमलं नाही तर निमूटपणे पुण्याला ऑफिसात जाऊन बसेन. पुढचं वर्ष मला नव्हतंच.

सहाजण पटापट झाले. निपाणीच्या कॉलेजातल्या दोन मुली, बोरगावचा एक कंडक्टर, कडोलीचे एक मास्तर, शहापुरातले दोघे. सगळ्यांनी चार ते सहा तासांत ढग मिळवला. उरली साठीच्या पुढची व्यक्ती. आई म्हणाली माझा चष्मा बदलायचाय. शेजारपाजारचे म्हणाले आम्हाला ते टिचकीबिचकी नको. राहिली आत्या. बुधवारी सकाळी मी तिच्यापुढं हात जोडले.

"एवढंच न्हवं?" आत्या म्हणाली. "चाळीस वर्षं माग चालवलाय. हे काय उंदराएवढं."

त्या उंदराला तिनं मागावर सूत इकडून तिकडं नेणाऱ्या धोट्यासारखं धरलं आणि सवयीनं असा काही झटका दिला, की माउस टेबलावरनं उडून दाराशी पडला. तीनदा. चौथ्यांदा मी तो टेबलाला चिकटपट्टीनं बांधायच्या विचारात होते, पण बोलायचं नव्हतं, म्हणून नुसतीच उचलून आणत राहिले.

पहिल्याच चित्रात शेजाऱ्याच्या अंगणात एक शिडी असते. ती घ्यायची आणि आपल्या छपरावर चढून टोपी काढायची. निपाणीच्या मुलींनी हे वीस सेकंदांत केलं होतं. आत्यानं शिडीकडं बघितलं, शेजाऱ्याच्या बंद दाराकडं बघितलं आणि दारावर टिचकी मारली. दार उघडायची सोय मी ठेवलेलीच नव्हती. माझा घोगरा आवाज म्हणाला, "छे! हे काही जमायचं नाही बुवा." चुकीच्या ठिकाणी टिचकी मारली की टोपीराव हेच वाक्य म्हणतो. आत्यानं पुन्हा दार वाजवलं. "छे! हे काही जमायचं नाही बुवा." पुन्हा.

"घरात कोन न्हाय वाटतं," आत्या म्हणाली आणि माझ्याकडं वळली. "मग न विचारता कशी उचलायची गं दुसऱ्याची शिडी?"

मी छताकडं बघितलं. चाळीस मिनिटं गेली. शेवटी तिनं शिडी घेतली, पण घेताना पडद्याला सांगितलं, "आनून ठेवतो हं लगेच." आणि टोपी काढल्यावर पुढच्या गावाला जायचं सोडून ती शिडी घेऊन परत शेजाऱ्याच्या अंगणात आली. शिडी जिथली तिथं ठेवायला. तीही सोय नव्हती. "छे! हे काही जमायचं नाही बुवा." तिनं अंगणाच्या प्रत्येक कोपऱ्यात शिडी ठेवून बघितली. माझाच आवाज मला दिवसभर सांगत होता की हे काही जमायचं नाही, आणि संध्याकाळपर्यंत मला ते पटायला लागलं होतं.

आणखी एक भानगड झाली. मागांच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून विणकर माणूस समोरच्याच्या ओठांवरनं बोलणं ओळखतो. आत्याची ती सवय हाडात मुरलेली. माझ्या चित्रांना तोंडाचे आकार तीनच आहेत, उघडं, मिटलेलं आणि गोल. तेवढेच आलटून पालटून हलतात. आत्या प्रत्येक पात्राच्या तोंडाकडं टक लावून बघायची आणि चिडायची.

"तोंड एक सांगतंय आणि आवाज दुसराच. हा परधान लबाड हाय बघ."

प्रधान लबाड नव्हता. प्रधान गोष्टीतला एकमेव सज्जन माणूस होता. पण आत्यानं त्याच्यावर विश्वास ठेवायचं साफ नाकारलं आणि त्यानं सांगितलेल्या वाटेनं न जाता अडीच तास जंगलात भटकली. त्या भटकण्यात तिनं एक गोष्ट केली, तीही सांगायला हवी. जंगलाच्या चित्रात उजव्या कोपऱ्यात बोट ठेवून म्हणाली, "हितं धागा सुटलाय." बघितलं, तर खरंच केसाएवढी एक फट राहिली होती. सहा माणसांनी खेळ संपवला, मी अडीच वर्षं तेच चित्र बघत होते, कुणाला दिसली नव्हती. मला आनंद व्हायला हवा होता. मला रडू येत होतं.

आता वाटीचं.

गुरुवारी दुपारी टोपीराव एकदाचा ढमाबाईच्या दाराशी पोचला. ढमाबाई दिसायला भयंकर, पण मनानं बरी. ती उंबऱ्यातच उभी असते, आत सोडत नाही. भुकेलेल्या टोपीरावाला वाटीभर खीर देते. ती खीर त्यानं स्वतः खायची नसते, खंदकातल्या मगरीला घालायची असते, म्हणजे मगर झोपते. मग रिकामी वाटी ढमाबाईला परत द्यायची. वाटी परत आली की ती खूश होते, दार उघडते, आणि दहा मिनिटांत ढग हातात. सबंध खेळातलं हे सगळ्यात सोपं कोडं. खरं तर कोडं नव्हेच. कडोलीच्या मास्तरांना इथं अकरा सेकंद लागले होते.

आत्यानं मगरीला खीर घातली. मगर झोपली. पिशवीत रिकामी वाटी आली. मी खुर्चीत सरसावून बसले. आत्यानं वाटी उचलली, ढमाबाईच्या जवळ नेली आणि थांबली. मग वाटी परत पिशवीत ठेवली आणि पिशवीतलं बाकीचं सामान बघायला लागली.

पिशवीत होता एक गाणारा बेडूक, अर्धी मेणबत्ती, मोराचं पीस आणि गुळाचा खडा. गूळ पुढं मुंग्यांना द्यायचा असतो. आत्यानं गुळाचा खडा उचलून वाटीवर ठेवला.

"छे! हे काही जमायचं नाही बुवा."

तिनं पीस ठेवलं. मेणबत्ती ठेवली. खूप विचार करून बेडूकसुद्धा ठेवला. मग पुन्हा गूळ. नंतर मागच्या सगळ्या चित्रांमधनं परत फिरून आली, बाजारात गेली, राजवाड्याच्या मुदपाकखान्यात गेली, आणि जिथं जिथं म्हणून काही खायचं दिसलं तिथं ती वाटी पुढं केली. माझा आवाज म्हणत राहिला, छे, छे, छे.

गुरुवारची दुपार अशी गेली. गुरुवारची संध्याकाळ अशी गेली. शुक्रवारी सकाळी अंघोळ, पूजा उरकून ती ताजीतवानी येऊन बसली आणि पुन्हा गूळ. बारा वाजता मी खेळाच्या नोंदीतला आकडा बघितला. फक्त ह्या वाटीपायी टोपीराव दोनशे चौदा वेळा छे म्हणाला होता.

माझं डोकं फिरलं.

"अगं आत्या, दे की तिला रिकामी! रिकामी वाटी दे! काय होत न्हाय! एवढी साधी गोष्ट कळत न्हाय व्हय तुला? सात वाजता पाठवायचंय मला, सात वाजता!"

ओरडून झालं आणि मी तोंडावर हात ठेवला. रेकॉर्डिंग चालू होतं. एक शब्द बोलायचा नव्हता, आणि मी सगळं उत्तर बोलून बसले होते. अडीच वर्षं पाण्यात गेली होती, आणि ती घालवली मीच.

आत्याला ह्याचा काही पत्ता नव्हता. तिनं चष्मा काढला, पदरानं पुसला.

"म्हंजे रिकामीच द्यायची हुती?" ती म्हणाली. "आनि तू केलंस हे? आपल्या घरातल्या पोरीनं?"

"खेळ हाय गं तो."

"असंना खेळ. खीर दिली तिनं. तिच्या दारात रिकामं भांडं घेऊन कसं जायाचं?"

"गेलं तर काय हुतंय? सगळ्या अंधश्रद्धा."

"घरातली बरकत जाती म्हनत्यात. ते मला बी काय पटत न्हाय." आत्यानं चष्मा परत घातला. "पर रिकामं दिलं म्हंजे झालं, संपलं. तुझं तुला, माझं मला. चिमूटभर साखर घालून दिली, की आता तिला वाटतंय, हिचं काहीतरी आपल्याकडं आलंय. मग ती कवातरी काहीतरी धाडती. मग आपन धाडायचं. असं ते चालत ऱ्हातंय. भांडं ऱ्हाईलं बाजूला, येनंजानं चालू ऱ्हायला पायजे."

मी इतकी तापले होते, की जे बोलायला नको होतं ते बोलले. "मग फळीवरच्या त्या डब्याचं काय?"

तो डबा काय आहे, ते सांगायला हवं. स्वयंपाकघरात वरच्या फळीवर एक स्टीलचा डबा आहे. झाकणावर नाव कोरलेलं, सौ. जयाबाई. जयाबाई म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लागून असलेलं घर. दोघींनी उमेदीची वर्षं एकमेकींच्या सोबतीनं काढलेली. मागाच्या खोलीच्या खिडकीतनं दोघी ओठ हलवून, आवाज न करता तासन्तास गप्पा मारायच्या. माझ्या लहानपणी ती मला मोठी जादू वाटायची.

आठ वर्षांपूर्वी जयाबाईंना नातू झाला. पंचमीला त्यांनी ह्या डब्यातनं लाडू धाडले. आणि त्याच आठवड्यात त्या येऊन म्हणाल्या, दुपारी दोन तास माग बंद ठेव, बाळ झोपत नाही. लग्नसराईच्या साड्यांचं काम अंगावर होतं, आत्याला रात्री धड झोप नव्हती. ती म्हणाली, "ह्या गल्लीतली सगळी पोरं मागाच्या आवाजातच झोपली. तुझा नातूच तेवढा राजाचा व्हय?" जयाबाई तशाच माघारी गेल्या. त्या दिवसापासनं खिडकी बंद. बाळ आता तिसरीत आहे. माग विकले, आवाज गेला, भांडणाला कारण म्हणून उरलं नाही. भांडण मात्र राहिलं.

आणि तो डबा. लाडू संपलेले होते. रिकामा परत द्यायचा नाही, आणि भरून द्यायचा तर आधी दार वाजवायला हवं. म्हणून आठ वर्षं तो फळीवर. आत्या तो वापरत नाही आणि कुणाला वापरू देत नाही. एकदा मी त्यात माझ्या वायरी ठेवल्या होत्या, तर सगळ्या काढून अंगणात फेकल्या आणि डबा राखेनं घासून परत वर ठेवला. भांड्यांच्या बाबतीत ती तशीच आहे. तिच्या आईनं दिलेली एक पितळी वाटी होती, खाली बायाक्का असं नाव घातलेली. ती हरवली. आत्याचं ठाम मत, की ती मी कोल्हापूरला हॉस्टेलवर नेली आणि घालवली. मी नेलेली नाही. आठ वर्षं सांगते आहे. पाहुणे आले की चहाबरोबर हा विषय निघतोच.

तर मी डब्याचं बोलले आणि आत्या उठून आत गेली. मला माझीच लाज वाटली, पण लाज वाटून घ्यायलाही वेळ नव्हता. साडेबारा वाजले होते.

मी रेकॉर्डिंग बघत बसले. आत्या गूळ ठेवते, छे. आत्या गूळ ठेवते, छे. आणि बघता बघता मला कळलं, की ही बाई दोन दिवस चुकत नव्हती. ती मला सांगत होती. जी चेटकीण तहानभुकेच्या माणसाला खीर देते, तिला रिकामी वाटी परत आलेली बघून कसला आनंद होणार? कोडं मीच चुकीचं घातलं होतं. मास्तरांनी अकरा सेकंदांत सोडवलं, कारण मास्तरांनी कॉम्प्युटरचं डोकं वापरलं. आत्यानं तिचं स्वतःचं वापरलं.

मी खेळ उघडला आणि बदलायला घेतला. आता वाटीत पिशवीतलं काहीही टाकता येईल, गूळ, पीस, अगदी बेडूकसुद्धा. मुंग्यांसाठी दुसरा गुळाचा खडा ठेवला. पण ढमाबाईला नवं वाक्य हवं होतं. मी स्वयंपाकघरात गेले. आत्या नुसतीच बसली होती, हात मांडीवर.

"आत्या, भरलेली वाटी परत आली तर ढमाबाई काय म्हनंल?"

आत्यानं विचार केला. इतका वेळ, की मला घड्याळ बघावं लागलं.

"काय म्हनायची न्हाय," ती म्हणाली. "बाजूला सरंल. आत ये म्हनंल हातानंच. त्याच्याहून जास्ती काय म्हनायचं असतंय."

ते मला सोयीचंच होतं. तोंडाचे आकार तीनच, हात मात्र मी बरे काढते. ढमाबाई उंबऱ्यातनं सरकते आणि हातानं आत बोलावते, एवढं चित्र केलं. तीन वाजले, चार वाजले. नवा खेळ आत्यासाठी त्या वाटीपाशी आणून ठेवला, रेकॉर्डिंग सुरू केलं. नियम मोडलेलाच होता. जे होईल ते पाठवायचं ठरवलं. साडेचार वाजता मी तिला पुन्हा खुर्चीत बसवलं आणि ह्या वेळी खरोखर तोंड मिटून घेतलं.

आत्यानं गुळाचा खडा उचलला. वाटीवर ठेवला. वाटीत गूळ पडला.

टोपीराव छे म्हणाला नाही. आत्यानं माझ्याकडं बघितलं. मी भिंतीकडं. तिनं वाटी ढमाबाईपुढं नेली. ढमाबाईनं वाटीत डोकावलं, बाजूला सरली आणि हातानं बोलावलं.

आत्या त्या हाताकडं बघत राहिली. टोपीराव दाराशी उभा, दार उघडं, पुढं फक्त दहा मिनिटांचा खेळ. आणि ह्या बाईनं चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"घरात गूळ कुठं ठेवलाईस गं?"

"आत्या, दहा मिनटं! फक्त दहा मिनटं बस, मग काय पायजे ते कर!"

"थांबंल की त्यो ढग. कुठं जातोय."

थोड्या वेळानं शेंगदाणे भाजल्याचा वास यायला लागला. मग खलबत्त्याचा आवाज. पाच वाजले. साडेपाच वाजले. रेकॉर्डिंगमध्ये रिकामी खुर्ची आणि मागं मी, डोक्याला हात लावून. मी दोनदा आत जाऊन भांडून आले. तिनं माझ्या हातावर एक शेंगदाण्याचा लाडू ठेवला आणि वेलदोडा पुरे झाला का विचारलं. मी तो लाडू रागारागानं खाल्ला. पुरे झाला होता.

पावणेसहाला ती बाहेर आली. अंगावर इस्त्रीची साडी, हातात तो डबा. तशीच दारातनं गेली.

मागाच्या खोलीची भिंत जयाबाईंच्या घराला लागून आहे. माग असते तर काही ऐकू आलं नसतं. आता सगळं ऐकू येतं. पलीकडं कडी वाजली. पावलं आली. दार उघडलं. आणि नंतर काहीच नाही. एकही शब्द नाही. माझी आत्या कानानं कमी, म्हणून तिचं बोलणं गल्लीच्या टोकापर्यंत जातं, आणि आता तिचाही आवाज नाही. मला खेळाची आठवणसुद्धा राहिली नाही. आत घेतलं नसेल तर ही बाई डबा घेऊन परत कशी येईल, एवढंच मनात. मग दार लागल्याचा आवाज आला. पावलं दोघींची होती, आतल्या बाजूला जाणारी.

साडेसहा वाजता दोघी आमच्या दारात उभ्या. डोळे लाल, पण जयाबाईंचं तोंड चालू.

"हीच का ती पोरगी, रिकामी वाटी द्या म्हननारी?" जयाबाई म्हणाल्या. "बायाक्का, शिकवून काय उपेग झाला न्हाय गं."

"बसा," मी म्हणाले. "दोघी बसा. हात जोडते. अर्धाच तास ऱ्हायलाय."

एका खुर्चीवर दोघी बसल्या. नियम एका माणसाचा होता. जयाबाईंनी टोपीरावाला चेटकिणीच्या घरात चपला घालून शिरल्याबद्दल झापलं. आत्यानं मुंग्यांना गूळ घातला. ढग मिळाला, तर दोघींचं मत पडलं की चेटकिणीला एक दुसरी उशी दिल्याशिवाय तो न्यायचा नाही, आणि मी गुडघ्यावर बसून सांगितलं की उशी पुढच्या वेळी नक्की घालते. सहा वाजून एक्कावन्न मिनिटांनी खेळ संपला. सहा छप्पन्नला सगळं गेलं, माझ्या ओरडण्यासकट, रिकाम्या खुर्चीसकट.

तेजस्वीबाईंचं उत्तर सोमवारी आलं. सातवं रेकॉर्डिंग नियमात बसत नाही, ते धरता येणार नाही. पण ते त्यांच्या ऑफिसात सगळ्यांनी बसून बघितलं आहे. दुसरी आजी कोण? आणि नव्या वाटीसकट खेळ आणखी एका साठीपुढच्या माणसानं संपवून दाखवला, तर खेळ घेतला असं समजा. त्यासाठी आठ दिवस देतो. जयाबाईंच्या नणंदेनं तो चार दिवसांत संपवला. आप्पांना मी फोन करून सांगितलं, की मी पुण्याला जात नाही. ते म्हणाले, आक्काला दे फोन. तिचं काय चाललंय ते आधी विचारलं, माझं नंतर.

पण त्या शुक्रवारचं एक राहिलं. खेळ पाठवून मी खुर्चीत अंग टाकलं, तेव्हा जयाबाईंनी पदराखालनं एक वाटी काढली. पितळी, कल्हई केलेली, वर काठोकाठ लाह्यांचा चिवडा.

"तुझी वाटी गं बायाक्का. सुनंच्या बाळंतपनात तुझी भावजय खीर घेऊन आल्ती ह्यातनं, तिच्या ध्यानात बी नसंल. मग आपलं झालं तसलं. रिकामी कशी द्यायची?" जयाबाई म्हणाल्या. "आठ वर्षं रोज पुसून ठेवतोय."

मी ताडकन उठले. वाटीतला चिवडा ताटात ओतला, वाटी उलटी केली. खाली नाव होतं, बायाक्का. ती वाटी मी आत्याच्या डोळ्यांपुढं धरली.

"बघ! बघ आता! मी नेलती का हॉस्टेलला? आठ वर्षं सांगतोय मी!"

आत्यानं वाटी हातात घेतली, काठावरनं बोट फिरवलं. मग जयाबाईंच्या शेजारी पाय दुमडून बसली आणि चिवड्याचा एक घास घेतला.

"तू नेली असतीस," ती म्हणाली, "तर रिकामीच आनली असतीस."